कायोटीच्या शिकारीला कोणती रायफल, कोणती गोळी? (भाऊ टेक्सासात, मी नागपुरात)

निशाणा_त्रिमूर्तीनगर
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. माझा लहान भाऊ ३ वर्षांपासून टेक्सासात आहे, लबक शहराकडे, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. त्याच्या ऑफिसातल्या एकाचं शहराबाहेर रँच (जनावरांचं मोठं शेत) आहे, शेळ्या आहेत आणि कायोटी (कोल्ह्या-लांडग्याच्या जातीतलं तिकडचं जनावर) करडं उचलून नेऊन राहिले. तो रँचवाला भावाला म्हणतो जानेवारीत ये, सोबत बसू, फक्त रायफल तुझी तू घे. आता मी एनसीसीत .२२ चालवली आणि नंतर २ वर्षं क्लबात १० मीटर एअर रायफल मारली, तर आमच्या बंधूंना वाटतं दादाला जगातलं सगळं हत्यार कळतं. काल रात्री दीड वाजता व्हिडिओ कॉल, दादा रायफल .२२३ घेऊ की .२४३ की .२२-२५० (हे काडतुसांचे आकार), का शॉटगनच बरी? मला पेलेटच्या पुढचं काही येत नाही हे त्याला कसं सांगू. जमीन सपाट, झाडं कमी, २०० यार्डापर्यंत मारावं लागेल म्हणे. बजेट फार नाही, कातडी नको आहे. कोणी तिकडं राहून आलं असेल तर सांगा.

काटोलचा काका
एवढा विचार काहून करतं बाप्पा? आमच्या आबाजवळ दुनळी होती, बारा बोअर. कोल्हा म्हणू नको, डुक्कर म्हणू नको, सारं तिच्यानंच. मंग १९७२ चा कायदा आला अन् ते बंदूक नुसती दसऱ्याले पुजाले निघे. तुह्या भावाले सांग, बारा बोअर घे, एल.जी. (मोठे छर्रे) भर, झालं काम.

परत_धरमपेठ
काकांची दुनळी चुकीची नाही पण जागा चुकीची आहे. मी टेक्सासात ७ वर्षं होतो, शेजाऱ्यासोबत बऱ्याचदा गेलो, बहुतेक वेळा मी कॉल (सावजाचा आवाज काढायची शिट्टी) वाजवायच्या कामावर. शॉटगन दाट झुडपात भारी, कायोटी एकदम ३० यार्डावर समोर येतो तिथं रायफलीच्या स्कोपमध्ये तो सापडतच नाही. पण ४० यार्डाच्या पुढे छर्रे पसरतात, जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठंतरी जाऊन मरतं, ते पाप कशाला. लबकसारख्या मोकळ्या रानात रायफलच.

आता कोणती. कायोटी ९ ते २० किलोचं जनावर, त्याला तोफ लागत नाही. बजेट कमी असेल तर डोळे मिटून .२२३ रेमिंग्टन, बोल्ट अ‍ॅक्शन (प्रत्येक गोळीनंतर हातानं खटका ओढायची), वर ३ ते ९ पट मोठं दाखवणारा साधा स्कोप. गोळी कुठल्याही दुकानात मिळते, स्वस्त आहे म्हणून माणूस सराव करतो, आणि धक्का इतका कमी की नवशिका ट्रिगर दाबताना डोळे मिटत नाही. ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी साधारण ३२४० फूट सेकंदाला निघते. तुमची एनसीसीवाली .२२ घ्या, गोळीची जाडी जवळपास तेवढीच, पण ४० ग्रेन आणि १२०० फुटांच्या आसपास, म्हणजे नावात दोन आकडे सारखे एवढंच नातं. .१७ एचएमआर ही छोट्या काडतुसाची रायफलसुद्धा कोणी गळ्यात मारेल, ती सशाला ठीक, कायोटीला हलकी पडते.

.२२-२५० तीच गोळी ३६८० ला फेकते, लांबवर मस्त सपाट जाते, पण काडतूस महाग, बॅरल लवकर झिजते. .२४३ वाऱ्यात जास्त टिकते आणि पुढं हरणालाही चालते, त्याला एकाच रायफलीत दोन्ही करायचं असेल तरच तिचा विचार. लबकला वारा म्हणजे आपल्याकडचा मे महिन्यातला दुपारचा वारा समजा, फक्त तो रोजचाच. ताशी १० मैलाचा आडवा वारा .२२३ ला २०० यार्डावर ४ एक इंच सरकवतो. रायफल २०० ला झिरो केली, म्हणजे तिचा नेम तेवढ्या अंतरावर बरोबर बसवला, तर १०० वर गोळी दीडेक इंच वर लागते आणि ३०० ला ७-८ इंच खाली, म्हणून ३०० च्या भानगडीत पहिल्या वर्षी पडूच नये. मी पाहिलेले बहुतेक शॉट शंभर-सव्वाशेच्या आतले होते, कारण कॉल नीट वाजवला तर तो स्वतःच जवळ येतो. आणि येतो तो वाऱ्याच्या खालच्या अंगानं वळसा घालून, आधी वास घेतो मग विश्वास ठेवतो, त्यामुळे बसायचं कुठं यावर निम्मी शिकार ठरते.

गोळी निवडताना एक लक्षात ठेवा, एफएमजे (पूर्ण धातूचं कवच असलेली गोळी) नको. ती आरपार जाते, जनावर पळतं आणि गोळी दगडावरून उसळून कुठं जाईल नेम नाही. प्लास्टिकच्या टोकाची हलकी व्हार्मिंट (उपद्रवी लहान जनावरांसाठीची) गोळी घ्या, व्ही-मॅक्ससारखी, ५० किंवा ५५ ग्रेन, ती आत गेल्यावर फुटते. कातडी नको म्हणता तर प्रश्नच मिटला. रायफलीवर फक्त .२२३ लिहिलं असेल तर ५.५६ नाटोची (लष्करी) काडतुसं घालू नये, दिसायला सेम पण प्रेशर जास्त असतं. उलटं चालतं, ५.५६ च्या चेंबरमध्ये .२२३ घातलेली.

आणि क्षितिजावर उभ्या कायोटीवर गोळी नाही म्हणजे नाही. मागं माती दिसली पाहिजे, सपाट जमिनीवर चुकलेली गोळी मैलभर जाते आणि तिकडं कोणाची तरी शेळीच उभी असते.

शॉटगन घ्यायचीच तर १२ गेज (आपलं बारा बोअर), ३ इंची शेल म्हणजे काडतूस, ४ नंबर बक किंवा बीबी (छऱ्यांचे आकार). आधी पुठ्ठ्यावर ४० यार्डावरून मारून पॅटर्न, म्हणजे छर्रे कसे पसरतात ते, बघावा.

काटोलचा काका
४ नंबर? ४ नंबरच्या छऱ्यानं तितर पडते भाऊ, कोल्हा खाजवून निघून जाईन. तुम्ही खरंच गेल्ते का टेक्सासले?

परत_धरमपेठ
😄 काका, तुमचा ४ नंबर वेगळा. आपला पाखरांचा छर्रा ३.३ मिलिमीटरच्या जवळपास. अमेरिकेत ‘बक’ हा शब्द मागं लागला की ४ नंबर बक म्हणजे ६ मिलिमीटरचा दाणा. दुकानात नुसतं नंबर फोर म्हटलं तर तितराचंच हाती देतील, त्यामुळे भावाला हे नक्की सांगा, काकांची शंका एकदम रास्त.

कागदपत्र_सदर
रायफल-गोळी राहू द्या, भाऊ एच-वनवर आहे ना? तिथल्या फेडरल कायद्यात (१८ यूएससी ९२२) नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावाल्याला बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला मनाई आहे. सुटका कशी, तर त्याच्याकडे एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स पाहिजे. ग्रीन कार्डवाल्याला ही भानगड नाही. म्हणजे आधी लायसन्स, मग दुकान. टेक्सासात २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागतो. आणि आपला जुगाड, ‘तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो’, तो तिथं चालवू नका, त्याला स्ट्रॉ पर्चेस म्हणतात आणि तो सरळ फेडरल गुन्हा आहे. व्हिसा जाईल तो वेगळाच. एकदा तिथल्या वकिलाला विचारून घ्या, १०० डॉलर गेले तरी चालेल.

रानवाटा_गोरेवाडा
मी शिकारीच्या बाजूचा नाही, पण रँचवाल्याची करडं जातात हे समजतं. तिकडं बरेच लोक कळपात राखणीला ग्रेट पिरेनीज जातीचं कुत्रं किंवा एखादं गाढव ठेवतात, आपल्या धनगरांसारखंच, ते पण सुचवून बघा. आणि हे वाचून इकडं कोणाला हुरूप येऊ नये म्हणून सांगतो, आपला कोल्हा, लांडगा, खोकड तिन्ही कायद्यानं संरक्षित आहेत.

निशाणा_त्रिमूर्तीनगर
आत्ता भावाशी बोललो. हंटिंग लायसन्स? तो म्हणे ते शेवटी काढणार होतो, शिकारीला निघायच्या आधी! आणि मित्र स्वतःच्या नावावर रायफल घेऊन द्यायला तयारच बसला होता. धरून झापला दोघांनाही, म्हणजे मित्राला भावाकरवी. आता कोर्सला नाव घालतो म्हणाला. जानेवारीत लायसन्स हातात आलं तर .२२३ आणि ५५ ग्रेन, नाही आलं तर नुसता कॉल वाजवायला जाईल, हत्याराला हात न लावता. काका, तुमचा ४ नंबरवाला मुद्दा त्याला वेगळा समजावला, त्यानं खरंच कार्टमध्ये पाखरांचे छर्रे टाकून ठेवले होते.

काटोलचा काका
मंग! म्हटलं होतं ना.