हाक मारली की हरण्या दहा पावलांवर थांबतो : काय चुकते आहे?

ऊसमळा (निपाणी तालुका)

सर्वांना नमस्कार. आमच्याकडे दीड वर्षाचा कारवान जातीचा नर कुत्रा आहे, म्हणजे कागदोपत्री ज्याला मुधोळ हाउंड म्हणतात तो. नाव हरण्या. घरात तो अगदी शांत असतो, मुलांच्या ताटाला तोंड लावत नाही. मळ्यात सोडला की मात्र हाकेला दाद देत नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या रानात धनगरांनी मेंढरे बसवली होती. हा त्या कळपात घुसला, मेंढरे उधळली आणि अर्ध्या तासाने धापा टाकत परत आला. सासऱ्यांनी "ये, ये" म्हणत त्याला गोडीने जवळ बोलावले आणि गळपट्टा हाती लागताच काठीने मारले. सुदैवाने एकाही मेंढराला इजा झाली नव्हती व धनगरांचीही समजूत निघाली, परंतु तेव्हापासून "ये" म्हटले की हरण्या येतो, बरोबर दहा पावलांवर थांबतो, मान वळवून दुसरीकडे पाहतो, जिभेने नाक चाटतो आणि जांभई देतो. सासऱ्यांच्या मते हा मुजोरपणा असून आणखी दोन काठ्या बसल्या की तो सरळ होईल. मला ते पटत नाही, पण दुसरा उपायही ठाऊक नाही. न मारता, खाऊ देऊन शिकवण्याची जी पद्धत आहे तिचा अशा शिकारी जातीवर उपयोग होतो का?

निवृत्त मास्तर (टिळकवाडी, बेळगाव)

ताई, मान वळवणे, नाक चाटणे आणि झोप आलेली नसताना जांभई देणे ही मुजोरीची नव्हे, दडपणाखाली असलेल्या कुत्र्याची लक्षणे आहेत. हरण्याला आपल्याकडे यायचे आहे आणि आल्यावर काय होईल याची भीतीही वाटते. त्या दोहोंच्या मधोमध तो उभा राहतो. काठी मेंढरांमागे धावल्याबद्दल मारली असे सासऱ्यांना वाटते, परंतु धावणे अर्ध्या तासापूर्वीच संपले होते. काठी बसली त्या क्षणी त्याने केलेली ताजी गोष्ट एकच होती, ती म्हणजे हाकेला येणे. शिक्षा झाली ती त्या येण्याला.

थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरील प्रयोगांतून जे मांडले ते एवढेच, की ज्या कृतीमागोमाग समाधान मिळते ती पुन्हा पुन्हा घडू लागते. स्किनर या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञांनी पुढे त्याची पद्धतशीर मांडणी केली. आपण विचारलेल्या खाऊच्या पद्धतीला 'सकारात्मक प्रबलन' म्हणतात; त्यातील सकारात्मक शब्दाने पुष्कळांची फसगत होते. त्याचा अर्थ गोड बोलणे असा नाही. कृतीनंतर प्राण्याला हवीशी वाटणारी एखादी गोष्ट देणे, तीही लगेच, एक-दोन सेकंदांच्या आत, असा आहे.

"ये" हा शब्द आता नासला आहे, तो सोडून द्यावा. नवा शब्द घ्यावा आणि पहिले काही दिवस तो फक्त घरात, हरण्या जवळच असताना उच्चारावा. शब्द एकदाच उच्चारावा आणि लगोलग उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा द्यावा. दोन-तीन मिनिटांत आठ-दहा वेळा झाले की थांबावे. तुकडा उघड्या तळहातावर ठेवावा आणि दुसऱ्या हाताने गळपट्ट्याला नुसता स्पर्श करून सोडून द्यावे, कारण त्याचे खरे भय त्या हाताचे आहे. घरात जमले की अंगणात, मग मळ्यात. मळ्यात मोकळा सोडू नये; तीस फुटी कासरा छातीच्या पट्ट्याला बांधावा, गळ्याला नव्हे, नाहीतर भरधाव सुटल्यावर मानेला हिसका बसेल. खाऊत कांदा-लसूण अजिबात नको. मुलांना कर्दंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई) वाटून घेण्याची हौस असते, परंतु त्यातले बेदाणे कुत्र्याला विषासमान आहेत, तेवढे सांभाळावे.

मागवाला (वडगाव)

मास्तरांच्या म्हणण्यात एका गोष्टीची भर घालतो. मळ्यात हरण्याला कोण कोण हाका मारते? आमच्याकडे घरात मराठी आणि कामावरचे दोघे कन्नड बोलणारे. मी "बस" म्हणे तेव्हा आमची काळी कुत्री उठून माझ्याकडे येई, आणि मी तिच्यावर चिडे. पुढे ध्यानात आले की कामगार तिला "बा" म्हणून बोलावतात आणि कन्नडमध्ये बा म्हणजे ये. ती "बस"मधला पहिला आवाज ऐकूनच निघत होती, म्हणजे आज्ञा पाळतच होती. बसण्यासाठी आम्ही सर्वांनी कन्नड "कुंद्रु" धरले आणि तो गोंधळ संपला. सीमाप्रश्न कुत्र्यांच्या पातळीवर तरी सुटला, असे आमच्याकडे गमतीने म्हणतात. आपण शब्दाऐवजी शिट्टी वापरली तर भाषेचा प्रश्नच उरणार नाही, आणि शिट्टीत रागही उमटत नाही.

रानातला (अथणी)

मी वयाच्या दहाव्या वर्षापासून कारवान पाळतो. ज्या जातीचा मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी सांभाळ केला आणि जिच्यावर टपाल खात्याने २००५ साली तिकीट काढले, तिला अंडी भरवून शिकवायचे हे ऐकून हसू आले. ससा उठला की हा कुत्रा मटणाकडेही पाहत नाही. तो नजरेने शिकार हेरून तिच्यामागे धावणारा आहे. मारू नये हे मान्य, या जातीचे मन फार हळवे असते आणि एकदा उतरलेला विश्वास लवकर परत येत नाही. पण खाऊवर फार भिस्त ठेवू नका.

निवृत्त मास्तर (टिळकवाडी, बेळगाव)

आपला आक्षेप रास्त आहे. बक्षीस कोणते हे आपण ठरवायचे नसून कुत्र्याने ठरवायचे असते. प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये दाखवून दिले, की प्राणी जी गोष्ट आपणहून अधिक करतो तीच तो कमी करत असलेल्या गोष्टीचे बक्षीस होऊ शकते. घरोघरी आया "आधी पाढे, मग खेळ" म्हणतात तेच हे. हरण्याला धावणे प्रिय असेल तर लांब काठीला दोरी, दोरीला जुनी चिंधी बांधून ती जमिनीवरून फरफटत न्यावी. शिट्टीवर आला की चिंधीमागे धावू द्यावे. मुख्य म्हणजे बोलावले की दर वेळी साखळी लावू नये. दहापैकी आठ-नऊ वेळा स्पर्श करून, खाऊ देऊन पुन्हा मोकळे सोडावे (कासऱ्यासह), म्हणजे येणे म्हणजे खेळ संपणे असा त्याचा समज होणार नाही. आणि कळप जवळ असताना परीक्षा पाहू नये. फसलेली प्रत्येक हाक शिट्टीची किंमत कमी करते.

ऊसमळा (निपाणी तालुका)

सर्वांचे आभार. आज बावीस दिवस झाले. अंगणात हरण्या शिट्टीवर थेट हातापर्यंत येतो. परवा प्रथमच त्याने खाऊ घेण्याआधी तळहातावर नाक टेकवून ठेवले, आणि मी गळपट्ट्याला हात लावला तेव्हा मान आखडली नाही. मळ्यात कासऱ्यावर बरे चालले आहे, परंतु सासरे जवळ असले की अजूनही दहा पावलांवरच थांबतो. त्यांनी काठी गोठ्यात ठेवून त्याला अंडे देऊन पाहिले. त्याने ते जमिनीवर ठेवू दिले, सासरे दूर गेल्यावर खाल्ले. चिंधीचा खेळ मात्र अंड्याहून प्रिय ठरला, हे अथणीच्या काकांना मुद्दाम कळवते.

अडचण एकच आली. गड्याचा धाकटा मुलगा दिवसभर गंमत म्हणून शिट्टी वाजवत असे, हरण्या प्रत्येक वेळी धावत जाई आणि हाती काहीच पडत नसे. तिसऱ्या दिवशी तो शिट्टीकडे कानही करीना. आता शिट्टी माझ्या गळ्यात असते आणि त्या मुलाला मी अंडी सोलण्याचे काम दिले आहे.