बदकांतील नर-मादी कशी ओळखावी? हौदातील झटापट थांबवावी का?

परसदार, घणसोली
नमस्कार. घणसोली गावठाणातील आमच्या जुन्या घराच्या परसात चार पांढरी पेकिन बदके आहेत. महिन्याची पिले म्हणून आणली, तेव्हा विक्रेत्याने एक नर व तीन माद्या असल्याचे सांगितले होते. आता ती साडेपाच महिन्यांची आहेत. गेल्या दोन आठवड्यांपासून सिमेंटच्या हौदात एक बदक दुसऱ्याच्या पाठीवर चढते, त्याच्या मानेची पिसे चोचीत धरते आणि खालच्याला जवळजवळ बुडवते. आईच्या मते ती भांडतात. मला ते मीलन वाटते. अडचण अशी की, असे चढणारी बदके एक नव्हे, तीन दिसली. आमच्याकडे पूर्वी कोंबड्या होत्या, त्यामुळे सर्वांत मोठ्याने ओरडणारे बदक तोच नर, असे मी धरून चाललो होतो; परवा त्याच्याच अंगाखाली अंडे सापडले! एका बदकाच्या मानेवरची पिसे जाऊन कातडी उघडी पडली आहे. यांतील नर नक्की कोणते?

येऊरकर
कोंबड्यांचा नियम येथे उलटा लागतो. ‘क्वॅक क्वॅक’ असा खणखणीत आवाज मादीचा असतो, तर नराचा आवाज घसा बसल्यासारखा, दबका व घोगरा असतो. नराच्या श्वासनलिकेच्या खालच्या टोकाशी, जेथे आवाज निर्माण होतो तेथे, हाडाचा एक पोकळ फुगवटा असतो आणि त्यामुळे हा फरक पडतो. पिले दीड-दोन महिन्यांची झाली की तो कानाला कळू लागतो. प्रत्येक बदक एकेक करून कळपापासून दूर उचलून न्या. मादी गल्ली डोक्यावर घेते, नर नुसता खरखरतो. शिवाय शेपटीच्या वर एक-दोन पिसे पुढच्या बाजूला गोल वळलेली दिसली, तर तो नर समजावा. पेकिनमध्ये दोन्ही पांढरेच असल्याने रंगावरून काही कळत नाही. खाकी कॅम्पबेलमध्ये मात्र वयात आलेल्या नराचे डोके गडद, हिरवट-काशाच्या रंगाचे होते.

जुने खुराडे, पनवेल
वरील उत्तर बरोबर आहे, पण वळलेल्या पिसावर एकट्यावर विसंबू नये, कारण पिसे झडण्याच्या काळात ते गळते आणि लहान नराला ते आलेलेच नसते. मस्कोव्ही बदकांना तर ही खूण लागूच पडत नाही. त्यांचा नर फिस्कारतो, मादीपेक्षा बराच मोठा असतो आणि त्याच्या चेहऱ्यावर लाल मांसल गाठी असतात.

आता चढण्याविषयी. पाठीवर चढणे ही नराची खात्रीशीर खूण नव्हे, कारण माद्याही एकमेकींवर चढतात, विशेषतः कळपात नर कमी असतील किंवा वर्चस्व ठरायचे असेल तेव्हा. खरे मीलन ओळखायचे असेल तर त्याच्या आधी व नंतर काय घडते ते पाहावे. आधी दोघेही माना वर-खाली हलवतात, मग मादी पाण्यावर सपाट पसरते, नर मानेची पिसे धरून चढतो, आणि उतरल्यावर तो बहुधा मान ताणून तिच्याभोवती पोहतो, तर मादी अंगावर पाणी उडवून न्हाते. बहुतेक पक्ष्यांच्या नरांना लिंग नसते, बदकाला असते. त्यामुळे उतरताना क्षणभर काही लोंबताना दिसले तर घाबरू नये, मात्र ते आत गेलेच नाही तर पशुवैद्यांना दाखवावे. मादी बुडते हेही स्वाभाविक आहे, परंतु हौदातून तिला सहज बाहेर पडता आले पाहिजे. आत विटांची पायरी करा.

मला काळजी वाटते ती उघड्या पडलेल्या मानेची. साधारणपणे एका नरामागे चार ते सहा माद्या असाव्यात; आपल्याकडे दोन नर निघाले, तर दोन माद्यांचे हाल होणारच. अंडी केवळ खाण्यासाठी हवी असतील तर नराची गरजच नाही, मादी त्याच्याशिवायही अंडी देते.

परसदार, घणसोली
आज सकाळी एकेक उचलून पाहिले. दोन नर, दोन माद्या. एका नराचे पीस वळलेले आहे, दुसऱ्याचे अजून नाही, आणि चढणाऱ्यांतील तिसरे बदक म्हणजे अंडे देणारी तीच बडबडी मादी होती. मान सोलवटलेल्या मादीला व तिच्या सोबतिणीला जाळीच्या एका बाजूला ठेवले आहे, दोन्ही नर दुसऱ्या बाजूला आहेत. विटाही लावल्या. माद्या वाढवाव्यात की नर कोणाला द्यावेत, हे आईशी बोलून ठरवतो. तिचा अजूनही आग्रह आहे की ती भांडतच होती.

येऊरकर
माद्या समोर नसल्या तर दोन नर बहुधा एकत्र निमूट राहतात. मानेची पिसे पूर्ण येईपर्यंत जाळी काढू नका.