गौरींच्या तारखा आधी पाहाव्यात

घरच्या गणपतीत आनंदापेक्षा दमणूकच अधिक होते, हे मत मला निम्मेच पटते, कारण आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत जो ताण होतो तो बहुतांशी रजेचे गणित चुकल्याने होतो. गौरींचे आवाहन अनुराधा, पूजन ज्येष्ठा आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर होत असल्याने गौरी-गणपती 2023 मध्ये पाचव्या, 2024 मध्ये सहाव्या, तर 2025 मध्ये सातव्या दिवशी निघाले. गेल्या खेपेस, म्हणजे 2025 मध्ये, मी पाचच दिवस गृहीत धरले होते. पूजन सोमवारी आले, रजा मिळाली नाही आणि सत्तरीच्या सासूबाईंनी पुरणाचा सगळा नैवेद्य एकटीने केला, याची खंत अजून जात नाही. संध्याकाळी मात्र आरतीला मजल्यावरची सगळी घरे जमली, आणि त्या थकलेल्या असूनही सर्वांत मोठ्याने आरती म्हणत होत्या.