घोड्यांच्या उपचारांचा सराव कोठे करावा?

जतचा पशुवैद्य: माझा बहुतेक वेळ गाई-म्हशी व खिलार बैलांमध्ये जातो, परंतु मेंढपाळांची बिऱ्हाड वाहणारी घोडी पोटशुळाने लोळू लागली की अनुभव तोकडा पडतो. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

माणदेशी: शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात प्रथम चौकशी करावी. मात्र केवळ व्याख्याने ऐकून भागत नाही; घोड्याला उलटी होत नसल्याने जठरावरील ताण कमी करण्यासाठी नाकातून नळी घालावी लागते आणि त्यात हात सरावानेच बसतो.

निवृत्त पशुधन विकास अधिकारी: सहमत आहे. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचेही प्रशिक्षण घ्यावे, कारण तो माणसालाही होतो. संशयित जनावराचे रक्त घेताना हातमोजे विसरू नयेत. आमच्या काळी हे कोणी सांगतच नसे.

जतचा पशुवैद्य: आभारी आहे. सोमवारीच शिरवळला जातो.