मदत हवी आहे: वाचनालयाची साइट आणि कृतीदेव फॉन्टमधले जुने दिवाळी अंक स्क्रीन रीडरला वाचता यावेत म्हणून काय करू?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची. सक्करदऱ्याजवळ आमचं एक जुनं वाचनालय आहे, त्याची वेबसाइट चार वर्षांपासून मी सांभाळते. पोटापाण्याचं काम वेगळं आहे. साइट संध्याकाळी बसून, शिकत शिकत केली. पुस्तकांची यादी, पुस्तक राखून ठेवायची सोय आणि 1998 ते 2011 पर्यंतचे आमचे दिवाळी अंक पीडीएफमध्ये, एवढा पसारा.

आमच्या एका सभासदांना मी काका म्हणते. मराठीचे शिक्षक होते. काचबिंदूनं नजर गेली, आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो. पुतण्यानं त्यांच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर टाकून दिलं. (फुकट मिळतं, स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवतं. 2006 साली ऑस्ट्रेलियात दोन अंध तरुणांनी सुरू केलेलं काम आहे.) मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात त्यांना बाहेर काढणं शक्य नाही, म्हणून मीच म्हटलं, काका, घरूनच पुस्तक राखून ठेवा, आमचा मुलगा आणून देईल. दुसऱ्या दिवशी फोन आला. "बेटा, मले काहीच समजून नाही राहिलं. हे नुसतं बटन बटन म्हणते."

रविवारी त्यांच्याकडे गेले आणि शेजारी बसून ऐकलं. आमच्या यादीत प्रत्येक पुस्तकापुढे तीन चित्रं आहेत: राखून ठेवा, माहिती, शेअर. डोळ्यांना कळतात. लॅपटॉप म्हणत होता, "बटन, बटन, बटन." एका पानावर 25 पुस्तकं, म्हणजे 75 वेळा बटन. काकांनी मोजायला सुरुवात केली होती, दर तीनातलं पहिलं राखून ठेवायचं असणार म्हणून. तेही त्यांना जमलं असतं, पण पुढे तारीख निवडायचं कॅलेंडर आलं आणि टॅब दाबला की कर्सर ते ओलांडून थेट खाली. माऊसशिवाय तारीख निवडताच येत नाही, हे चार वर्षांत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मग ते म्हणाले, जाऊ दे ते, 2003 चा अंक उघड, माझा लेख लाव. काटोलकडच्या त्यांच्या वडिलांच्या संत्र्याच्या बागेवर आहे तो, आंबिया बहार (संत्र्याचा हिवाळ्याच्या शेवटचा फुलोरा) धरायच्या आधी झाडांना पाणी तोडून ताण कसा देतात इथपासून. मी पान लावलं. लॅपटॉपनं भराभर काहीतरी अगम्य बोलायला सुरुवात केली. काकांनी बाणाची कळ दाबत एकेक अक्षर ऐकलं: ई, जे, के, कॅप बी, एच. स्क्रीनवर त्या जागी स्वच्छ "मराठी" लिहिलेलं मला दिसत होतं. ते दोन मिनिटं ऐकत राहिले, मग हळूच म्हणाले, "मी असं नव्हतं लिहिलं."

ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

कारण आता कळलंय. कृतीदेवमध्ये आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचं रूप देतो. ते रूप डोळ्यांपुरतं. यंत्राला आतलंच ऐकू येतं.

मी आतापर्यंत केलेलं सांगते. साइटच्या कोडमध्ये पानाची भाषा इंग्रजी लिहिलेली होती, ती मराठी केली. त्यामुळे आता मराठी मजकूर आला की मराठी आवाज सुरू होतो. (मध्ये चुकून हिंदी लिहिली होती, तेव्हा "चाळ" मधला च काकांनी लगेच पकडला.) आमचा वरचा पट्टा संत्र्याच्या रंगाचा, त्यावर पांढरी अक्षरं. मोजलं तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं प्रमाण, 2 पेक्षाही कमी. साध्या मजकुराला निदान 4.5 लागतो. नारंगी तसाच ठेवून अक्षरं काळी केली, 10 च्या वर गेला. हा बदल तर सगळ्याच म्हाताऱ्या सभासदांनी आपणहून चांगला म्हटला.

आता अडलेलं. एक, कॅलेंडरचं काय करू? दोन, 14 अंकांची मिळून जवळपास दीड हजार पानं कृतीदेवमधून युनिकोडमध्ये, म्हणजे आतही मराठीच अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत, आणायची कशी? तीन, एका कंपनीचा माणूस म्हणतो की एका ओळीचा कोड टाका, कोपऱ्यात व्हीलचेअरचं चित्र येईल आणि साइट आपोआप सुगम्य होईल. वर्षाचे पैसे मागतो. घ्यावं का?

आणि चौथं. कार्यकारिणीत एकांनी विचारलं, एका माणसासाठी एवढं कशाला? मला राग आला, पण उत्तर नीट देता आलं नाही. कायद्याचं कुणी सांगेल का?

ऐकून_वाचणारा:

ताई, मी स्वतः पूर्ण अंध आहे, प्रोग्रॅमिंगचं काम करतो. तिसऱ्यापासून सुरू करतो: घेऊ नका. ते चित्र अक्षरं मोठी करतं, रंग बदलतं. ते ब्राउझरमध्येही होतं. तुमच्या 75 बटणांना नाव काय द्यायचं हे त्याला कुठून कळणार? उलट असल्या कोडमुळे माझा स्क्रीन रीडर कितीदा अडखळलाय. ते पैसे वाचनालयाच्या पुस्तकांना लावा.

बटणांना आत मजकूर द्या, दिसायला नको असेल तर लपवून द्या, पण पुस्तकाच्या नावासकट. नुसतं "राखून ठेवा" 25 वेळा ऐकणं म्हणजे पुन्हा तेच. आणि ती खरी बटणं आहेत का ते बघा, की नुसता चौकोन आहे ज्यावर क्लिक चालतं. चौकोन असेल तर टॅबनं तिथे पोचताच येत नाही. तुमच्या कॅलेंडरचं बहुधा हेच झालंय. कॅलेंडर राहू द्या, पण शेजारी तारीख टाइप करायची साधी चौकट ठेवा, तिला लेबल लावा आणि दिवस, महिना, वर्ष कोणत्या क्रमानं लिहायचं ते लेबलातच सांगा. मग माऊस बाजूला ठेवून, नुसत्या कीबोर्डवर एक पुस्तक राखून बघा. तपासणीचं कुठलंही सॉफ्टवेअर लावण्याआधी हे करा.

कायदा: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 46. सेवा देणारा सरकारी असो की खासगी, सुगम्यतेचे नियम पाळायचे आहेत. आणि 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्तींच्या केवायसीचं, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याचं होतं. कॅमेऱ्यासमोर पापणी लवून दाखवा म्हणतात, ती त्यांनी कशी लवावी? एवढं कार्यकारिणीला वाचून दाखवा.

जुना_डीटीपीवाला:

नागपूरच्या महाल भागात वीस वर्षं डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावायचं काम केलं, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. पीडीएफमधून कॉपी करू नका, दोन कॉलमच्या ओळी एकमेकींत घुसतात. ज्यानं अंक लावला त्याच्याकडे पेजमेकरच्या फाइली असतील तर त्या मागा, सीडीवर कुठेतरी पडल्या असतील. त्यातला मजकूर कन्व्हर्टरमध्ये टाका. मग दोन जागी डोळ्यात तेल घालून बघा, पहिली वेलांटी आणि रफार. कृतीदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार सगळ्यात शेवटी. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. कच्चा कन्व्हर्टर "वर्षी" चं "वषीर्" करून ठेवतो. फाइली नाहीतच मिळाल्या तर पानं स्कॅन करून टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरनं ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात उतरतात; त्याला मराठी येतं. पण प्रूफ वाचावंच लागेल, त्याला पर्याय नाही.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. बटणं झाली, तारखेची चौकटही झाली. काकांनी काल घरी बसून स्वतः पुस्तक राखलं.

2003 च्या अंकाची सीडी तेव्हाच्या संपादकांच्या कपाटात सापडली. सगळं सोडून आधी काकांचा लेख केला आणि त्यांना ऐकवला. मान खाली घालून पूर्ण ऐकला त्यांनी. संपल्यावर म्हणाले, "दोन जागी रफार चुकला तुझा. अन् तिसऱ्या परिच्छेदात 'मृग बहार' छापलं आहे, तिथं 'आंबिया' पाहिजे. तेव्हाच संपादकाले सांगतलं होतं मी." तिन्ही दुरुस्त केलं.

आता उरलेल्या 13 अंकांचं प्रूफ काका ऐकून तपासणार आहेत, पण ऱ्हस्व-दीर्घाची चूक कानाला कळत नाही, तिथे डोळेच लागतात. नागपुरातलं किंवा बाहेरचं कुणी आठवड्याला दहा पानं वाचून देऊ शकेल का? मजकूर मी पाठवीन. 1998 पासून सुरू करतेय.