मदत हवी आहे : 'शाहनामा'तली मागणी आणि मनधरणी

नमस्कार मंडळी. फिर्दौसीच्या 'शाहनामा' या फारसी महाकाव्यात (इ. स. १०१०च्या सुमारास पूर्ण) पात्रं एकमेकांकडे मागणं कसं घालतात, यावर टिपण लिहितोय आणि एका जागी गाडं अडलंय.

महावीर रुस्तमच्या हातून नकळत घायाळ झालेला त्याचाच मुलगा सोहराब शेवटच्या घटका मोजत असताना रुस्तम गूदर्झ या सरदाराला कैकाऊस राजाकडे नोशदारू हे औषध आणायला धाडतो. निरोपात आधी स्वतःच्या चाकरीची आठवण, मग मागणं. राजा साफ नकार देतो. बापलेक एकत्र आले तर आपलं काय, ही त्याला धास्ती. मला तर वाटतं, पराक्रमाची आठवण करून देणंच अंगाशी आलं. उलट रुस्तमचा बाप झाल, प्रेयसीच्या काबूलवर चालून निघालेल्या आपल्या बापापुढे, सामपुढे, उभा राहतो तेव्हा आर्जव कमी, गाऱ्हाणं जास्त. जन्मताच मला डोंगरावर टाकलंत, आता करवतीने दोन तुकडे करा, पण काबूलचं नाव काढू नका! आणि साम विरघळतो.

दरबारी कसीद्यात (स्तुतिकाव्यात) राजाकडे खुबीने बक्षीस मागण्याला 'हुस्न-ए-तलब' म्हणतात. ती फूटपट्टी महाकाव्यातल्या संवादांना लावावी का? फारसी अलंकारशास्त्र शिकलेलं कुणी आहे का इथे? रुस्तमला बांधून न्यायला आलेल्या राजपुत्र इस्फंदियारपुढची रुस्तमची मनधरणी, 'सोबत येतो, पण हात बांधू नका', कुठे बसवावी तेही सांगा. वाचायला उर्दू, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल.