काँक्रीटचा ओटा: सीलरच्या भरवशावर राहू नका

काँक्रीटच्या ओट्याला ‘एकदा सीलर (डाग आत मुरू नयेत म्हणून लावायचं द्रव्य) मारला की डागांची चिंता मिटली’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं. आत मुरणारा सीलर हळद-तेल थोडा वेळ थोपवतो. पण लिंबू, कोकम, चिंचेचा कोळ यांतलं आम्ल सिमेंटमधल्या चुन्यालाच खातं. तिथे उठलेला खरबरीत चट्टा पुसून जात नाही. वर थर धरणारा सीलर आंबटाला बरा, मात्र गरम कढई टेकवली की खराब होतो. तिवई हवीच! पाण्याचा थेंब टाकून पाहा, जागा लगेच काळपट झाली तर पुन्हा सीलर मारायची वेळ आली. दीड इंची ओट्याचं वजन चौरस मीटरला साधारण 90 किलो भरतं, तेव्हा खालचा आधार आधी बघा. रोज वाटण-फोडणी असेल तर मी ग्रॅनाइटच घेईन. (कडप्पा नाही, तो चुनखडीचा दगड, त्यालाही आम्ल खातं.)